चतकोर भाकरीची कंपनी

ग्राफिक्स कार्ड कोणत्या कंपनीचं घ्यावं असं मला कुणी विचारलं, की मला आधी बाजरीची भाकरी आठवते. लोकांना वाटतं मी विषय टाळतोय. एके काळी असं विचारणाऱ्याला मी पाऊण तास सोडत नसे. पंखे किती, दिवे कोणत्या रंगाचे, मागे धातूची पाटी आहे की नाही, अमेरिकेतला अमुक एक मुलगा त्याच्या व्हिडिओत काय म्हणाला, हे सगळं त्यानं विचारलं नसतानाही मी सांगत असे. सासुरवाडीला तर मी या विषयावर आलो की एकेक जण चहाचे कप विसळायला उठायचा, आणि कप मोजकेच असायचे. भाकरीचा संबंध पुढं आला. तो जोडून दिला आमच्या स्टोअरमधल्या मामांनी.

सुप्याच्या एमआयडीसीत आमचा एक मध्यम आकाराचा कारखाना आहे. मोठ्या कारखान्यांना मशिनवर सुटा भाग घट्ट धरून ठेवायला जे साचे लागतात, ते आम्ही बनवतो. मी डिझाइन खात्यात. दिवसभर कॉम्प्युटरच्या पडद्यावर लोखंड गोल गोल फिरवून बघायचं, हे माझं काम. मामा स्टोअर आणि खरेदी बघायचे. त्यांचं नाव सांगत नाही, कारण कारखान्यात त्यांना नावानं कुणी हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. पांढरा सदरा, पन्नाशी ओलांडलेली, आणि सदऱ्याच्या खिशात खडू. पेन त्यांना लागत नसे. आलेल्या प्रत्येक खोक्यावर ते खडूनं काहीतरी लिहायचे आणि मगच खोकं आत जायचं.

मामा घोडेगावच्या बाजूचे. त्यांचे वडील तिथल्या बैलबाजारात दलाली करायचे. लहानपणी दर बाजारच्या दिवशी मामा वडिलांबरोबर असत, आणि तिथंच त्यांचं सगळं शिक्षण झालं असं ते म्हणायचे. "बाजारात बैल रुबाबात हुबा ऱ्हातो. नांगराला जुपला की कळतं. आमचा बाप दात बघायचा, खूर बघायचा, समदं बघायचा, आन शेवटाला इकनाऱ्याला इचारायचा, बसला तर कुठं आनायचा? जो घर सांगंल त्याचा बैल घ्यायचा. जो हसंल त्याचा न्हाई."

हा प्रश्न मामा प्रत्येक वस्तूला विचारायचे. ड्रिल मशीन असो, वजनकाटा असो, नाहीतर ऑफिसातला पिण्याच्या पाण्याचा कूलर असो. विक्रेता चकचकीत माहितीपत्रक घेऊन यायचा, घसा कोरडा होईपर्यंत बोलायचा, आणि मामा शांतपणे म्हणायचे, "ते ठीक हाय. बसलं तर कुठं आनायचं?" नवीन खोकं उघडलं की आधी ते आतला वॉरंटीचा कागद काढून वाचत. इंग्रजी असला तर मला वाचायला लावत. वस्तू त्यानंतर. एकदा दिवाळीला कंपनीनं सगळ्यांना स्टीलचे डबे वाटले, तेव्हाही मामांनी खोक्यात कागद शोधला होता.

पण त्यांचा खरा नाद फोनचा. एखादी वस्तू घ्यायची ठरली, की ती बनवणाऱ्या तीन-चार कंपन्यांच्या ग्राहक सेवेचे नंबर ते मिळवत आणि एकेका कंपनीला फोन करून सांगत की तुमची वस्तू बंद पडली आहे. वस्तू अजून घेतलेलीसुद्धा नसे. पलीकडून वस्तूवरचा नंबर विचारला तर म्हणायचे, "पाटी घासून गेलीय हो." विक्रीच्या नंबरावर सगळेच गोड बोलतात, तक्रारीच्या नंबरावर कोण बोलतं ते बघायचं, असा त्यांचा हिशेब होता. हे फोन ते जेवणाच्या सुट्टीतच करत. टेबलावर जुना लँडलाइन फोन, त्याचा स्पीकर चालू, त्यातून कंपनीचं ते वाट बघायला लावणारं संगीत, आणि समोर मामांचा डबा उघडलेला. पलीकडं जिवंत माणूस बोलेपर्यंत जेवढी भाकरी संपेल, तेवढी त्या कंपनीची किंमत. मग भिंतीवर खडूनं लिहायचं. वजनकाटा, एक भाकर. ड्रिल, दीड भाकर. एका पंपाच्या कंपनीपुढं लिहिलं होतं, तीन भाकरी आणि फोन कट. त्या दिवशी मामांना दुपारभर जड झालं होतं.

आम्ही सगळे हसायचो. सगळ्यात मोठ्यानं मी, कारण मी बी.ई. होतो.

मग माझ्या कॉम्प्युटरची वेळ आली. मोठं डिझाइन उघडून फिरवायला गेलं की पडदा गोठायचा. मोठ्या साहेबांनी, म्हणजे आमच्या मॅनेजरनी, नवीन ग्राफिक्स कार्डाला होकार दिला. मी आधीच ठरवून बसलो होतो. एक फार नावाजलेली कंपनी, तीन पंखे, दिव्यांचे रंग मोबाईलवरून बदलता येतात. मी मामांकडं कागद नेऊन दिला. त्यांनी तो वाचला आणि मला समोर बसवलं.

"ह्याच्यात मेन काय असतं?"

"चिप असते, मामा. आपल्याला लागते ती एकाच कंपनीची. बाकीच्या कंपन्या ती विकत घेतात आणि तिच्याभोवती कार्ड बनवतात."

"म्हंजी आतलं समद्यांचं एकच?"

"तसं एकच. पण बनवणाऱ्यावर फरक पडतो ना. कार्ड थंड कोण चांगलं ठेवतो, पंखा कुणाचा टिकतो..."

"कुनाचा पंखा बंद पडल्याला तुमी डोळ्यानं बघितला?"

"नाही. पण सगळे सांगतात."

"समदे म्हंजी कोन?"

सगळे म्हणजे उलटी टोपी घालणारा तो अमेरिकेतला मुलगा, हे मामांसमोर म्हणायला जीभ रेटेना. मामा म्हणाले, "बैलाची जात एकच असली तरी कुनाच्या दावनीला वाढला त्याला महत्त्व हायेच. तुमचं खोटं न्हाई. पर पुसाया लागतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुसलं. माझ्या नावाजलेल्या कंपनीचं संगीत सुरू झालं. मधूनमधून एक गृहस्थ इंग्रजीत सांगे की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मामांची पहिली भाकरी संपली, दुसरी संपली, ठेचा संपला. "ह्यो बाबा मगाधरनं हेच म्हन्तोय," मामा म्हणाले आणि त्यांनी हात धुतले. मग दुसऱ्या दिवशी दुसरी एक कंपनी लावली. तिचं नाव मला धड उच्चारताही यायचं नाही, आणि तिच्या कार्डाला एकही दिवा नव्हता. तिचं सर्व्हिस सेंटर पुण्यात. मामांनी भाकरीचा चतकोर मोडला, तो हातातच होता, आणि पलीकडून एक बाई मराठीत बोलल्या. इतक्या लवकर कुणी बोलेल याची मामांना सवयच नव्हती. ते गडबडले.

"ते... आमचं कार्ड बंद पडलंय."

"नंबर सांगता का कार्डाचा?"

"पाटी घासून गेलीय."

बाई हसल्या. "काका, कार्ड घेतलंय का घ्यायचंय?"

मामा आयुष्यात पहिल्यांदा पकडले गेले होते. त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, घ्यायच्या आधी तक्रार करणारे तुम्ही पहिलेच. भिंतीवर चतकोर असं लिहिताना मामांचा चेहरा खुलला होता. पुढं महिन्या-दोन महिन्यांनी ते तिकडं उगाच एक फोन करत, बाई अजून तिथंच आहेत ना हे बघायला. माणूस बदलला की कंपनी बदलली, असं त्यांचं म्हणणं.

खरेदीच्या कागदावर मामांनी त्या बिनदिव्याच्या कंपनीचं नाव लिहिलं, आणि माझा अपमान झाला. मी बत्तीस स्लाइडचं सादरीकरण तयार केलं. त्यात आलेख होते. मोठ्या साहेबांनी अकराव्या स्लाइडला जांभई दिली. विसाव्या स्लाइडला त्यांनी फोन काढला. आपण हरतोय हे मला दिसत होतं, आणि तेव्हा मी ते वाक्य बोललो. "सर, मामा कंपन्यांना खोटे फोन करतात. न घेतलेल्या वस्तूंच्या तक्रारी करतात. उद्या कुणी रेकॉर्डिंग पुढं केलं तर आपल्या नावाचं काय होईल?"

वाक्यात खोटं काहीच नव्हतं. म्हणूनच ते इतकं लागलं. साहेबांनी फोन खाली ठेवला.

आठवड्याभरात मामांना खरेदीवरून काढून मागच्या भंगाराच्या आवारात बसवलं. तिथं लोखंडाचा कीस आणि मोडके भाग ट्रकमध्ये भरून द्यायचे, एवढंच काम. भिंतीवरचा खडू पुसून रंग दिला गेला. कुणी सांगितलं हे मामांना कळलं असणारच, कारण तो नाद साहेबांच्या कानावर घालण्यात दुसऱ्या कुणाचाच फायदा नव्हता. जाताना त्यांनी स्टोअरची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाले, "सांभाळा, इंजिनेर." मला त्यांच्याकडं बघवेना, म्हणून मी पडद्यावरचं लोखंड फिरवत राहिलो.

माझं कार्ड आलं. ते इतकं लांब होतं की कॉम्प्युटरच्या डब्यात बसवल्यावर डब्याचं झाकण लागेना. मी झाकण काढूनच टाकलं आणि सगळ्यांना सांगितलं की उघडं ठेवलं की हवा खेळती राहते. खरं म्हणजे दिवे दिसावेत एवढीच माझी इच्छा होती. भिंतीपलीकडं आमचं ग्राइंडिंग चालतं आणि तिथली बारीक धूळ सगळीकडं फिरत असते, हे मला दहा वर्षं माहीत होतं. जुनं कार्ड मी ऐटीत भंगारात पाठवलं.

मग दसरा आला. खंडेनवमीला आमच्याकडं प्रत्येक यंत्राची पूजा होते. लेथला हार, प्रेसला हार, क्रेनला हार. डिझाइनवाले कॉम्प्युटरच्या वरच्या बाजूला हळदीकुंकू लावून मोकळे व्हायचे. मला ते पुरेना. मी थेट कार्डाची पूजा केली. हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूच्या पाकळ्या वाहिल्या. फोटोत दिवे दिसावेत म्हणून कॉम्प्युटर चालूच ठेवला होता. शेवटी डोळे मिटून अक्षता टाकल्या. फिरत्या पंख्यांनी त्या भक्तिभावानं गिळल्या, आणि आतून खर्रर्र असा आवाज आला. मी तो फोटो स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं होतं, शक्तीची उपासना.

शक्ती कार्तिकापर्यंत टिकली. बाहेरच्या एका मोठ्या कारखान्याचे लोक आमचं डिझाइन पडद्यावर बघायला येणार होते. एवढी मोठी ऑर्डर आम्हाला कधी मिळाली नव्हती, आणि ती मिळाली तर नवी शेड उभी राहणार होती. ते यायला तीन दिवस उरले असताना माझा पडदा काळा झाला आणि काळाच राहिला.

मी नावाजलेल्या कंपनीला फोन लावला. तोच गृहस्थ, तेच संगीत. त्या सकाळी मी उभ्यानं एका अख्ख्या घराच्या भाकरी संपवल्या असत्या. शेवटी एकानं कार्डाचे फोटो मागवले. मी पाठवले. दुपारी उत्तर आलं की कार्डावर बाहेरचा पदार्थ आढळला असून वॉरंटी लागू होत नाही. सोबत माझाच फोटो होता, आणि त्यात हळदीभोवती लाल गोल काढला होता. नगरच्या दुकानांत चौकशी केली तर मागवायला आठवडा लागेल म्हणाले.

निदान जुनं कार्ड सापडतंय का बघावं म्हणून मी भंगाराच्या आवारात गेलो. मामा स्टुलावर बसून डबा खात होते. जुनं कार्ड मागच्याच ट्रकनं गेलं होतं. मी काय शोधतोय ते त्यांनी ऐकून घेतलं.

"बसलं व्हय?"

"हो, मामा."

याच्यापुढं ते एक शब्द बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी हात पुसला, खिशातला मोबाईल काढला आणि पाठ असलेला पुण्याचा नंबर लावला. या वेळी ते खोटं बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मामा सुप्याच्या फाट्यावरून पुण्याची एसटी धरून गेले, आणि संध्याकाळी कारखाना सुटायच्या आत परत आले. भाकरीच्या फडक्यात गुंडाळलेलं एक कार्ड त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं. सर्व्हिस सेंटरमधलं, लोकांना चालवून दाखवायला ठेवलेलं. चार दिवसांसाठी बाईंनी दिलं होतं.

"तिथं बदल्यात काय ठेवून आलात?" मी विचारलं.

"कायबी न्हाई. परत आनून देतो म्हन्लं."

कार्ड डब्यात बसलं. झाकणही लागलं.

पाहुणे आले. लोखंड पडद्यावर लोण्यासारखं फिरलं. ऑर्डर मिळाली. मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "दोन दिवसांत दुसरं कार्ड उभं केलं पठ्ठ्यानं." तेव्हा मामा दारात उभे होते. कार्ड काढून मिळण्याची वाट बघत होते. मी त्यांच्याकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं, आणि माझ्या सगळ्या शिक्षणातून नेमका एक शब्द वर आला. मी म्हणालो, "टीमवर्क, सर."

मामांनी कार्ड त्याच फडक्यात गुंडाळलं आणि ते परत करायला गेले. पुढं कारखान्यानं त्याच कंपनीचं कार्ड विकत घेतलं, आणि निवडीबद्दल माझं कौतुकही झालं.

मामा भंगाराच्या आवारातूनच निवृत्त झाले. निरोप समारंभात शाल द्यायचं काम माझ्याकडं होतं. भाषणही मीच केलं. आज सांगून टाकायचं असं ठरवून गेलो होतो. प्रत्यक्षात मी त्यांच्या काटकसरीवर आणि वक्तशीरपणावर बोललो, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामांनीही वाजवल्या.

याला चार वर्षं झाली. परवा माझी मुलगी म्हणाली, "बाबा, कॉलेजच्या कामाला ग्राफिक्स कार्ड लागणार आहे. कंपनी कोणती त्यानं काही फरक पडतो का?" ती आर्किटेक्चरला आहे. पाऊण तासाचं भाषण माझ्या तोंडाशी आलं आणि तिथंच विरलं. दुपारी मी ताटात भाकरी घेतली, मोबाईल शेजारी ठेवला आणि पुण्याचा तो नंबर लावला. पहिला घास मोडायच्या आत एक बाई बोलल्या.

"आमचं कार्ड बंद पडलंय," मी म्हणालो.

"नंबर सांगता का?"

"पाटी घासून गेलीय."

मग त्या म्हणाल्या, "तुम्ही सुप्याहून बोलताय का? काका कसे आहेत? वर्षभरात त्यांचा फोनच नाही."

काका कसे आहेत हे मला माहीत नव्हतं. काका आहेत का, हेसुद्धा मला माहीत नव्हतं. विचारून सांगतो, असं म्हणून मी फोन ठेवला आणि स्वतःची इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती. वर्षानुवर्षं हा माणूस एका अनोळखी बाईची खुशाली विचारत राहिला, आणि ज्याची अब्रू त्यानं वाचवली त्या मला त्याच्या घराचा पत्तासुद्धा ठाऊक नव्हता.

मामांच्या जुन्या नंबरावर घंटा वाजत राहिली. दोनदा आपोआप बंद झाली. तिसऱ्यांदा कुणीतरी फोन उचलला. मागं गाय हंबरत होती.

"कोन?"

"मामा, मी. सुप्याचा. डिझाइनवाला."

"मोठ्यानं बोला. ऐकू कमी येतंय आता."

त्यामुळं मला ते ओरडून सांगावं लागलं. मी स्वयंपाकघरात उभा राहून ओरडलो की मोठ्या साहेबांना तुमच्या फोनचं मीच सांगितलं होतं. पुण्याहून कार्ड तुम्ही आणलं होतं, तेही मी कुणाला सांगितलं नाही. माझं चुकलं. बायको आणि मुलगी दारात येऊन उभ्या राहिल्या.

पलीकडं ना संगीत, ना तुमचा फोन महत्त्वाचा आहे असं सांगणारा तो गृहस्थ. गाय तेवढी हंबरत होती.

"ह्ये बोलाया लई भाकरी झाल्या की, इंजिनेर," ते म्हणाले.

"हो, मामा."

"असलं फोनवर दुरुस्त न्हाई हुत. हिकडं घिऊन या."

आणि त्यांनी मला घराचा पत्ता सांगितला. घोडेगावात उतरायचं, बाजाराच्या कडंनं सरळ यायचं, चिंचेपाशी वळायचं, निळं दार. कुणी अडवून विचारलंच तर बैलाच्या दलालाचं घर म्हणायचं, अजून वडिलांच्याच नावानं ओळखतात. मी लिहून घेतलं तरी त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.

"कितीजन येताय ते आधी कळवा," ते म्हणाले. "त्या हिशेबानं भाकरी टाकाया सांगतो."